बाद माल

२ मार्च

आले एकदाची. दोन बॅगा, एक छत्री आणि आईने बळेच गळ्यात मारलेली उशी घेऊन दारात उभी राहिले, तर मावशी आधी उशीकडे बघून हसली. म्हणाली, अगं, आमच्याकडे काय उशा नाहीत? आहेत. या घरात काय नाही ते विचारावं. मला दिलेल्या पलंगाखालीसुद्धा साबणाच्या वड्या रचलेल्या आहेत, त्यामुळे अंथरुणाला नुकत्याच न्हालेल्या बाळासारखा वास येतो.

मावशीचे यजमान, म्हणजे काका, जन्मभर एका मोठ्या गोदामाचे प्रमुख होते. नोकरी संपली, सवय काही सुटली नाही. घरातल्या प्रत्येक वस्तूवर त्यांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली असते आणि तिच्यावर तारीख. मी बॅगेतून दंतमंजन काढून ठेवलं, हातपाय धुऊन आले, तर त्यावरही चिठ्ठी. मला हसू आवरेना. काका मात्र हसले नाहीत, चिठ्ठीचा एक कोपरा अंगठ्याने नीट दाबून बसवला.

घरातलं चौथं माणूस म्हणजे काकांचे थोरले भाऊ. बसवर कंडक्टर होते, लग्न केलं नाही, आता इथेच असतात. सगळे त्यांना कंडक्टरच म्हणतात. तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा अजून खिशात बाळगतात आणि जेवताना काही हवं असलं की तोंडाने मागत नाहीत, चिमटा तीनदा वाजवतात. टिक टिक टिक. मी टेबलाशी अवघडून बसले, तर म्हणाले, बाई, पुढे सरका, पुढे जागा आहे. मला माणूस फार आवडला.

उद्यापासून बुटांच्या दुकानात कामाला जायचं. तोंडापेक्षा पायातलं बघून मला माणूस जास्त कळतो, असं मी मालकाला ठोकून दिलं होतं आणि तो खूश झाला. पण ते खरंही आहे. काकांच्या चपला जुन्या आहेत आणि टाच कुठेही झिजलेली नाही. जपून पाऊल टाकणारा माणूस.

७ मार्च

सुट्टी होती म्हणून काकांना कोठीची खोली लावायला मदत केली. मी मोठ्या हुशारीने आधी आलेले डबे पुढे आणि नंतर आलेले मागे लावले. काकांनी सगळे परत काढायला लावले. म्हणाले, पोरी, कधी आलं ते बघायचं नसतं, कधी खराब होणार ते बघायचं. जे आधी खराब होणार ते आधी बाहेर.

मुरंब्याच्या एका बरणीचं झाकण जरासं फुगल्यासारखं वाटत होतं. मी उघडून वास घेऊ म्हटलं, तर त्यांनी बरणी माझ्या हातातून काढूनच घेतली. शंका आली की बाद, उघडून बघायचं नाही, उघडलं की मोह होतो, असं त्यांचं म्हणणं. गोदामात एका ओल्या पोत्यापायी अख्खी थप्पी जाते म्हणे.

बाद झालेल्या मालाला वेगळी खोली आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पण दार मागच्या अंगणात. लोखंडी दार, बाहेरून कडी, खिडकी नाही. काकांनी बरणीवर नवी चिठ्ठी लावली, आत ठेवली आणि कडी घातली. एका बरणीसाठी केवढा तो सोहळा.

१४ मार्च

गावात घशाची साथ आलीय. आधी खोकला, मग ताप, मग श्वास. दुकानात सकाळपासून गिऱ्हाईक नाही, कारण सगळं गाव वाणसामानाच्या रांगेत. दुपारी मालकाने शटर ओढलं आणि सांगितलं, कळवू तेव्हा या.

काकांनी मला बरोबर नेलं. असा प्रकार मी जन्मात पाहिला नव्हता. फळ्या रिकाम्या, आणि लोक काहीही उचलत होते. एकाने कुत्र्याच्या खाण्याची पिशवी घेतली, त्याच्याकडे कुत्रा नव्हता. दोन चांगल्या घरच्या बायका तेलाच्या डब्याची एकेक कडा धरून उभ्या होत्या आणि दोघीही रडत होत्या. मिठाचा शेवटचा पुडा एका म्हाताऱ्याच्या हाताशी होता. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या, पाय घसटत चालत होता. मी कोपर घातलं आणि पुडा उचलला. तो माझ्याकडे बघत राहिला. घरी काकांनी पाठ थोपटली. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

आमच्याकडे मीठ वर्षभर पुरेल एवढं आहे.

२१ मार्च

पुढच्या फाटकाला कुलूप. काका दूध मापाने देतात, पाव कापून देतात. माझी तक्रार नाही. बाहेर लोकांना तेवढंही मिळत नाही.

शेजारीण तापाच्या गोळ्या मागायला आली होती. तिचा नवरा दोन घास गिळू शकत नाहीये म्हणाली. मावशीने खिडकीतूनच हात हलवला, नाहीत गं बाई, आम्हीच शोधतोय. बोलताना मावशी ज्या कपाटाला टेकून उभी होती त्याचा खण गोळ्यांनी भरलेला आहे. शेजारणीच्या पायात एक चप्पल तिची आणि एक नवऱ्याची होती. आज सकाळी त्यांच्या दाराशी गाडी आली आणि चादरीत गुंडाळून त्याला नेलं. मावशी म्हणाली, गोळ्यांनी काय होणार होतं, त्याची वेळच भरली होती.

धाकट्या बहिणीला फोन केला. तिच्या वसतिगृहात एक वेळचं जेवण मिळतंय. म्हटलं, मिळेल त्या गाडीने निघून ये, इथे सगळं आहे. काकांना विचारलं तर ते लगेच हो म्हणाले. तब्येतीने कशी आहे, एवढंच विचारलं. म्हटलं, धडधाकट.

२६ मार्च

जेवताना कंडक्टर खोकले. पावाचा कोरडा तुकडा अडकला होता, पाणी प्यायले, थांबलं. तेच हसून म्हणाले, घाटात गाडी गरम झाली. मीही हसले. काका त्यांच्याकडे बघत होते. ते बघणं मी आधी पाहिलं होतं, पण कुठे ते आठवेना.

२७ मार्च

कंडक्टरच्या खुर्चीच्या पाठीवर चिठ्ठी. बारीक अक्षर, आजची तारीख.

आता आठवलं. मुरंब्याची बरणी.

२८ मार्च

खुर्ची रिकामी. मावशी म्हणाली, मागच्या खोलीत ठेवलंय त्यांना, सगळ्यांना लागण नको, जेवणखाण वेळेवर जाईल. शहाणपणाचंच आहे. माझा जीव भांड्यात पडला.

त्यांच्या वाटणीचं दूध माझ्या पेल्यात आलं.

३० मार्च

स्वयंपाकघराच्या भिंतीतून आवाज येतो. टिक टिक टिक. थांबतो. पुन्हा तीनदा.

मावशी तिघांचंच शिजवते. मागे ताट जाताना मी पाहिलं नाही. काल नाही, आजही नाही. शेवटी काकांना विचारलं. ते अजिबात चिडले नाहीत. समजावून सांगितलं, पोरी, बाद मालावर चांगला माल घालत नाहीत.

स्वतःच्या भावाबद्दल. आणि बोलता बोलता माझ्या पावाला लोणी लावून दिलं. मी खाल्लं.

१ एप्रिल

दुपारी दोघं आडवी झाली तेव्हा मागे गेले. कडीला हात लावला. त्यांना चाहूल लागली असावी, दाराशी येऊन बोलू लागले. म्हणाले, बाई, मला ताप नाही हो, हात लावून बघा. नुसता ठसका लागला होता. थोडं पाणी तरी. आवाज चांगला होता. आजारी माणसाचा नव्हताच.

कडी काढायला किती वेळ लागतो? मी उभी होते. मनात आलं, हे बाहेर आले तर आत कोण जाणार? काका विचारतील, कडी कोणी काढली. आणि धाकटी यायचीय, तिला काय खायला घालू.

हात काढून घेतला. आतून म्हणाले, पुढे सरका बाई, सरका, कोणी बघेल. माझ्यासाठी म्हणाले. मी पळाले.

३ एप्रिल

धाकटी आली. हडकली आहे, पण ठणठणीत. चपलेचा अंगठा तुटलेला होता, तिला माझे लाल सँडल दिले. दोनदा भात घेतला तिने, आणि मला गळामिठी मारून रडली, ताई, तू होतीस म्हणून. काकांनी तिला जीभ दाखवायला लावली. समाधान झालं त्यांचं.

जेवताना भिंतीतून टिक टिक आलं. अगदी बारीक. तिने विचारलं, हे काय गं?

मावशी माझ्याकडे बघत होती. काकाही. मी म्हटलं, नळी आहे, हवा अडकते तिच्यात.

५ एप्रिल

नळी बंद झाली.

७ एप्रिल

काका मागच्या अंगणात आणि त्या खोलीत जंतुनाशक भुकटी टाकायला निघाले. खोलीतली त्यांनी टाकली. अंगणातली मला टाकायला सांगितली. वारा होता. सगळी घशात गेली. तेव्हापासून खवखवतंय.

ताप नाही. दहा वेळा कपाळाला हात लावून पाहिला. भुकटीच आहे.

८ एप्रिल

खोकला गिळते. उशीत तोंड खुपसून खोकते, आईच्या उशीत. जेवताना प्रत्येक घासाला पाणी. काकांनी विचारलं, आज पाणी फार लागतंय? म्हटलं, मीठ जास्त झालंय. मावशी म्हणाली, मी तर रोजच्याएवढंच टाकलं.

धाकटी मजेत आहे. चौथी खुर्ची तिला मिळालीय —

९ एप्रिल

एकदाच. एकदाच आला, तोही ताटावरून उठताना. काकांनी वर पाहिलं.

१० एप्रिल

माझ्या खुर्चीवर चिठ्ठी.

काढून टाकली. चहापर्यंत दुसरी. त्यांना सांगितलं, भुकटीचा ठसका आहे, कपाळ बघा, हात लावा. हात लावला नाही. शंका —

कोणी नव्हतं तेव्हा चिठ्ठी सोलली आणि धाकटीच्या खुर्चीला लावली. नीट. कोपरा अंगठ्याने दाबला. हे मी केलं. ती आतल्या खोलीत गाणं गुणगुणत माझेच कपडे घड्या करत होती, आणि मी हे केलं.

काका आले, खुर्चीकडे बघितलंही नाही. चिठ्ठ्या ते लिहितात, वाचत नाहीत. कुठला माल कधीचा, सगळं डोक्यात —

११

मावशी म्हणाली, अंगणातली बादली आत घे. गेले. मागून काका. चपलांचा आवाजसुद्धा नाही.

वही पोटाशी होती, पेन्सिलही. दाराखाली फट आहे, तेवढा उजेड.

कोपऱ्यात पोतं टाकलंय. त्यावर भुकटी. पोत्याखालून बूट दिसतात. ओळखीचे. पोत्यावर चिठ्ठी —

मुरंब्याची बरणी रिकामी आहे. चाटून पुसून. मुरंबा चांगला असणार.

पुढचा दिवस

ताप नाही. खोकलासुद्धा थांबला. थांबला. ओरडून सांगितलं. कोणी —

चिमटा सापडला. त्यांच्या मुठीत होता. मूठ उघडताना फार —

वाजवते. तीनदा.

मावशीने धाकटीला सांगितलं असेल, ताईला ताप आला, ताई गेली घरी, असं काहीतरी. पण ती विचारेल. ती नक्की विचारेल.

फटीत लाल सँडल. आली. माझी गुणाची बाय ती.

म्हटलं, मला ताप नाही गं, भुकटीने ठसका लागला होता, कडी काढ. थोडं पाणी तरी. कडी वाजली. हात ठेवलाय तिने कडीवर. ठेवूनच उभी. किती वेळ —

ती काय विचार करतेय मला माहीत आहे. शब्दन् शब्द माहीत आहे.

सँडल वळले.

भिंतीला कान लावलाय. ताटं मांडतायत. तीन. कोणाच्या तरी पेल्यात दूध जास्त ओतलं.

वाजवते. टिक टिक टिक.

काका विचारतायत, हा कसला आवाज. त्यांना माहीत आहे, तरी तिलाच विचारतायत. धाकटीचा आवाज, स्पष्ट, जेवता जेवता. नळी आहे, म्हणाली. हवा अडकते तिच्यात, ताई म्हणायची.

म्हणायची —

पुन्हा वाजवते. तीनदा. तिला कळेल, ती माझी —