वाडग्याची तुझ्याकडची बाजू

ता. १४ डिसेंबर, रविवार

सौ. बुटकीस,

आधी माझी कात्री परत पाठव. लाल मुठीची, फांद्या छाटायची. तीन वर्षं झाली. आपल्या फुलांच्या दुकानातल्या कात्रीला धार म्हणून नाही, पाइनची एक फांदी कापायची तर दोन्ही हातांनी दाबावं लागतं, अंगठ्याला घट्टा पडलाय. तुझी दोन पत्रं आली. त्यात नवऱ्याची बस, तुमची गॅलरी, शेजारणीची मांजर, सगळं होतं. कात्रीचं अवाक्षर नाही. म्हणून मी उत्तर दिलं नाही.

वर सौ. लिहिलंय, ते बघून घे. पुन्हा लिहिणार नाही.

मी बरी आहे. तू बरी असशीलच. तुझा ड्रायव्हरही बरा असेल. माझ्या अक्षराला हसू नकोस, चौथीपर्यंतची शाळा माझी, आणि घरातलं लिहिणं आजवर तूच करायचीस. हा तिसरा कागद आहे. दोन फाडले.

बाकी इकडे नवीन काही नाही. गुडघा दुखतो. वरच्या मजल्यावरची मास्तरीण अजून माझ्याच दोरीवर कपडे वाळत घालते. तुझं उभं राहायचं स्टूल दुकानात तसंच आहे. मालकीणबाई त्यावर बादली ठेवतात, मी उचलून खाली ठेवते, त्या परत वर ठेवतात.

आता दुकानातलं सांगते, म्हणजे मी का लिहायला बसले ते कळेल. तू गेल्यापासून हॉटेलचं काम आपल्याकडे येत नव्हतं, दुसरीकडे जायचं. यंदा परत आलं. नाताळच्या सुट्टीसाठी जेवणाच्या टेबलांवर ठेवायचे चोवीस वाडगे. तेच आपले नेहमीचे, खाली ओला हिरवा स्पंज, त्यात पाइनच्या आणि सुरूच्या फांद्या, थोडी लाल फळं, पाइनचे दोन सुके शंकू आणि मधे जाडी मेणबत्ती. मी म्हटलं, एकटी करते, कुणी मदतीला नको. डोळे मिटून करीन. स्पंज आपणहून पाण्यात बुडू दिला, दाबला नाही. देठ तिरके कापले, खालची सुयांसारखी पानं ओरबाडून काढली. सगळं जसं करायचं तसं केलं. शुक्रवारी दुपारपर्यंत चोवीस वाडगे फळीवर ओळीनं उभे. मालकीणबाई लांबूनच म्हणाल्या, "वा!"

मग त्यांनी एक उचलला आणि फिरवला.

"हे काय? याला मागची बाजूच नाही?"

मी म्हटलं, "मागची बाजू कोण बघतंय?"

"अहो, समोर बसणारा बघतो! इकडच्याला झाडं आणि तिकडच्याला ओला स्पंज?"

मी दुसरा फिरवला. तिसरा. अगं बुटके, चोवीसच्या चोवीस तसेच. पुढून राजा आणि मागून उघडा. मालकीणबाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. म्हणाल्या, "इतकी वर्षं हे काम करताय आणि वाडगा फिरवायचा असतो हे ठाऊक नाही?"

नव्हतं ठाऊक. खरंच सांगते. मला कधी फिरवावाच लागला नाही. मी टेबलाच्या अलीकडे, तू पलीकडे स्टुलावर, मधे वाडगा. मी इकडून खोचायचे, तू तिकडून. तुझी फांदी माझ्या बाजूला आली की मी तुझ्या हातावर चापट मारायचे. पलीकडची बाजू भरते कशी, याचा मी जन्मात विचार केला नाही. ती भरलेलीच असायची.

हाताला चीक लागला होता, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. मालकीणबाईंना वाटलं, पाइनची सुई गेली डोळ्यात. मी म्हटलं, हो, गेली.

मग संध्याकाळपर्यंत बसून सगळे भरले. फिरवून फिरवून. होतं एकटीनं, होत नाही असं नाही.

घरी आले तर टेबलावर माझा वाडगा. उरलेल्या फांद्यांचा, गेल्या आठवड्यात केलेला. तो फिरवून बघितला. तोही तसाच. दर वर्षी करते मी, तू नसलीस तरी. पण आपलं टेबल आता भिंतीला लावलेलं आहे ना, म्हणून दिसलंच नाही कधी. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी लावलं. जागा होते म्हणून. खोटं. तुझी खुर्ची समोर दिसत होती म्हणून.

आता इतका वेळ टाळलं ते लिहिते, म्हणजे हाही कागद फाडायची पाळी येणार नाही. तू त्या टेबलाशी बसून लग्नाचं सांगितलंस, लाजत होतीस, बेचाळीस वर्षांची बाई. आणि मी म्हटलं, "ज्याच्यामुळे तू माझी नणंद, तो तर गेला. आता तू माझी कोण?" तू ताट न उचलता उठलीस.

तुझा भाऊ गेल्यावर सहा वर्षं आपण दोघी राहिलो. त्या सहा वर्षांत मला एकदाही वाटलं नाही की मी एकटी आहे. म्हणून तसं बोलले. तू जाणार हे ऐकून मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझी जीभ कशी चालते ते तुला माहीत आहे. ड्रायव्हरात काही खोट नव्हती. त्याच्या मिशा सोडून.

आणि कात्री तू नेली नाहीस. तू खाली रिक्षा बघायला गेलीस तेव्हा मीच ती तुझ्या पिशवीत तळाशी टाकली. म्हटलं, एवढी चांगली कात्री, परत द्यायला तरी येईल. तर तू बाई पत्रात नावच काढीना. सापडली तरी का तुला?

बुधवारी चोवीसला दुपारी दुकान बंद होऊन आठ दिवस सुट्टी आहे. उरलेल्या फांद्या घरी आणीन आणि जुना वाडगा उपसून नवीन करीन. टेबल भिंतीपासून ओढायला दोन माणसं लागतात, त्याचा एक पाय निखळलाय. ड्रायव्हरला हात लावता येत असेल तर त्यालाही आण. येताना कात्री आण.

मंगळवारी तेवीसपर्यंत मला उत्तर हवं. पत्र नको, उशीर होईल, दुकानात फोन कर, नंबर तोच आहे. जास्त बोलू नकोस, मालकीणबाई कान देऊन ऐकतात. एवढंच सांग, वाडग्याची तुझ्याकडची बाजू रिकामी ठेवू की फिरवून मीच भरून टाकू?

तुझी वहिनी

(‘वहिनी’ हे आधीच्या दोन्ही कागदांवर खोडलं होतं. यावर खोडलेलं नाही.)