ज्याचं छप्पर फोडलं तो माणूस

पप्पा,

गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने मला विचारलं, तुझे पप्पा काय काम करायचे. मी म्हणालो, पाळक होते. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "कशाचे? गाईंचे?" ती अकरा वर्षांची आहे. इथेच बंगळुरात जन्मली, जयनगरच्या शाळेत जाते, कन्नड माझ्याहून कितीतरी चांगलं बोलते, मराठी मात्र फक्त घरात, आम्हा दोघांशी. पाळक हा शब्द तिने ऐकलाच नव्हता, कारण तिच्यासमोर तो मी कधी उच्चारला नव्हता. शाळेच्या एका फॉर्मवर धर्माचा रकाना होता, त्यावरून हा विषय निघाला. तिची आई हिंदू घरातली, पण देवधर्म न करणारी. तिने पेन माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, तूच ठरव. मी रकाना मोकळा ठेवला. मुलीला समजावून सांगितलं की पाळक म्हणजे चर्चचे, मंडळीची काळजी घेणारे. तिने विचारलं, "मग आपण ख्रिश्चन आहोत?" मी म्हणालो, आधी जेवून घे. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली आणि एवढ्या सोप्या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसलो आहे.

नोकरी लागून मी बंगळुरात के. आर. पुरमला राहायला आलो तेव्हा आईला जाऊन एक वर्ष झालं होतं. तुम्ही गावात चर्चला लागून असलेल्या त्या दोन खोल्यांत एकटे, आणि मी इथे तिघांसोबत एका फ्लॅटमध्ये. एक पुण्याचा, एक नागपूरचा, एक हुबळीचा. दर रविवारी दुपारी दोनला तुमचा फोन यायचा. उपासना आटोपून, मंडळीतल्या मावशींनी पाठवलेला डबा खाऊन, हात धुऊन मग तुम्ही फोन करायचात. पहिल्याच रविवारी तुम्ही विचारलंत, उपासनेला गेला होतास ना? मी अकराला उठलो होतो आणि कपडे भिजवत होतो. हो म्हणालो. तुम्ही लगेच विचारलंत, पाळकांचा संदेश कशावर होता? मी लहानपणी तुमच्याच तोंडून ऐकलेलं काहीतरी सांगितलं. तुम्ही खूश झालात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच विचारलंत, आणि एकदा हो म्हटल्यावर मला मागे येता येईना. चार वर्षं मी तुम्हाला एका चर्चबद्दल सांगत राहिलो, जे मी फक्त बसच्या खिडकीतून पाहिलं होतं.

मी देवावर रागावलो होतो असं काही नव्हतं. मी कुणाशी वाद घातला नाही, काही वाचून माझा विश्वास उडाला असंही नाही. मला फक्त सारखं समजावून सांगायचा कंटाळा आला होता. आपलं आडनाव कुठेही खपून जाणारं. ऑफिसात सगळे धरूनच चालले होते की मी त्यांच्यातलाच, आणि एक-दोनदा खरं सांगितलं तर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, मराठी आणि ख्रिश्चन, म्हणजे गोव्याचा का? गणपतीत मराठी मंडळात आरतीला उभा राहून मी टाळ्या वाजवायचो. त्यात मला काही वाईटही वाटत नव्हतं, छान वाटायचं. पण एकदा जेवणाच्या सुट्टीत एक सहकारी, स्वभावाने अगदी चांगला माणूस, सहज बोलून गेला की खेड्यापाड्यातले हे लोक पोटासाठी बाटलेले. मला आजोबा आठवले. बाप्तिस्मा घेतला म्हणून विहिरीवर पाणी भरू दिलं नाही तेव्हा दोन मैल चालून ओढ्यावरून पाणी आणणारे. मी वाटीतल्या दह्यात चमचा फिरवत बसलो. ते मी तुम्हाला कधीच सांगितलं नाही. त्या रविवारीही तुम्ही संदेश विचारलात आणि मी काहीतरी सांगितलं.

हळूहळू मी तयारी करू लागलो. रविवारी सकाळी बाकीचे डोसा खायला बाहेर पडले की मी आईने दिलेलं छोटं शास्त्र, ते बायबल, बॅगेतून काढून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत जाऊन बसायचो. तुम्हाला पटेल असं काहीतरी सापडेपर्यंत वाचायचो. चर्चला जाणाऱ्या किती लोकांनी इतकं वाचलं असेल कोण जाणे. मी वाचत होतो ते खोटं नीट बोलता यावं म्हणून.

त्यातला एक संदेश तुम्हाला आठवत असेल. येशू एका घरात शिकवत बसला आहे, दारात पाय ठेवायला जागा नाही. चौघेजण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात, वाट मिळत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उस्कटतात आणि बाज खाली सोडतात. तो बरा होतो, बाज उचलतो आणि आपल्या पायांनी घरी जातो. मी फोनवर तुम्हाला सांगितलं की आमचे पाळक आज म्हणाले, सगळे त्या आजाऱ्याबद्दल बोलतात, त्या चौघांबद्दल बोलतात. पण घर कुणाचं होतं? त्याचं नाव कुठेच नाही. तो बरा झाला नाही, त्याने कुणाला उचलून आणलं नाही, त्याने काही मागितलंही नव्हतं. त्याच्या घरात एवढं मोठं काहीतरी घडून गेलं, आणि संध्याकाळी सगळे पांगल्यावर तो मातीच्या ढिगात उभा राहून वर भोकाकडे बघत असेल. त्याने काय करायचं? एवढं बोलून मी थांबलो. तुम्ही म्हणालात, "परत सांग. सावकाश सांग." तुमच्या पेन्सिलीचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. शेवटी म्हणालात, तुमचे पाळक अभ्यासू दिसतात, त्यांना माझा सलाम सांग.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत तुम्ही आलात. स्टेशनावर उतरताना तुमच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते तुम्ही रिक्षात मांडीवर धरून बसलात, खाली ठेवू दिलं नाहीत. घरी आल्यावर उघडून दाखवलंत. पांढरं शुभ्र कापड, चारी कडांना क्रोशाची जाळी. आपल्या महिला मंडळाने चार महिने खपून प्रभुभोजनाच्या टेबलासाठी ते केलं होतं, माझ्या चर्चसाठी. त्या शनिवारी तुम्ही माझ्या खोलीत बूट पॉलिश करत होतात आणि मी दारात उभा होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या बघू, असं म्हणून मी दूध आणायला खाली गेलो.

रविवारी मी तुम्हाला त्या बसमधून दिसणाऱ्या चर्चमध्ये घेऊन गेलो. दारात एक प्रौढ बाई उभ्या होत्या, प्रेमळ. त्यांनी इंग्रजीत विचारलं, पहिल्यांदाच येताय का? तुम्ही तुमच्या इंग्रजीत सांगितलंत, मी पाहुणा, हा इथला सभासद. त्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग त्यांनी दोन कार्डं पुढे केली, नव्याने येणाऱ्यांनी भरायची. तुम्ही दोन्ही घेतलीत. बाकावर बसल्यावर खिशातलं पेन काढून आधी तुमचं भरलंत, मग माझं. माझं नाव तुम्ही तुमच्या त्या तिरप्या अक्षरात लिहिलंत. आमच्याविषयी तुम्हाला कसं कळलं, असा एक प्रश्न होता. माझ्या कार्डावर त्यापुढे तुम्ही लिहिलंत, वडिलांकडून.

उपासनाभर तुम्ही माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीत. गीतं ओळखीच्या चालींवर होती, शब्द इंग्रजी. तुम्ही मराठीत हळू आवाजात गात होतात. संपल्यावर लोक पाळकांना भेटायला रांगेत उभे राहिले, तसे तुम्हीही राहिलात. मला वाटलं, आता हे विचारणार, माझ्या मुलाला ओळखता का. तुम्ही कापड त्यांच्या हातात दिलंत आणि म्हणालात, आमच्या मंडळीकडून तुमच्या मंडळीला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, हा मला घेऊन आला. तेवढंच तुम्हाला खरेपणाने म्हणता येण्यासारखं होतं.

नंतर आपण कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात गेलो. उंच टेबलाशी उभं राहून इडली खाणं तुम्हाला नवीन होतं, एरवी तुम्ही त्यावर काहीतरी बोलला असतात. तुम्ही इडली सांबारात बुडवून खाल्लीत, कॉफी घेतलीत आणि मग विचारलंत, "ते छपराचं कुणी सांगितलं होतं?"

"मीच."

"सगळेच संदेश?"

"हो."

तुम्ही कॉफी वाटीतून पेल्यात ओतलीत, परत वाटीत ओतलीत. म्हणालात, "देवाच्या नावावर खोटं बोलताना भीती नाही वाटली?"

मी म्हणालो, "मला फक्त तुमची भीती वाटायची, पप्पा."

हे मी क्षमा मागण्यासाठी म्हटलं होतं. पण तुमचा चेहरा असा झाला की मला तो अजून आठवतो. राग असता तर बरं झालं असतं. पाळक म्हणून चाळीस वर्षं तुम्ही लोकांना सांगितलंत की देवाला भिऊ नका, तो बाप आहे. आणि तुमचा मुलगा बापाला भीत होता. गल्ल्यावरचा माणूस सुटे पैसे देताना सरी, सरी म्हणाला. त्याचा अर्थ काय, असं तुम्ही मला विचारलंत. ठीक आहे, मी सांगितलं. तुम्ही मान हलवलीत.

त्यानंतरही रविवारी दोनला फोन यायचा. पण तुम्ही पुन्हा कधी संदेश विचारला नाहीत. पाणी येतं का, दात कसा आहे, पुण्याच्या मित्राचं लग्न ठरलं का, असं विचारायचात. शेवटी म्हणायचात, सरी. मी सुटलो होतो, आणि त्या सुटकेचा मला काही उपयोग नव्हता. रविवारी सकाळी गच्चीवर जायचं कारण उरलं नाही. कितीदा वाटलं की आपणच सांगावं, पप्पा, आज हे वाचलं. पण आता ते कुणाच्या नावावर सांगायचं होतं? स्वतःच्या नावावर सांगायला माझ्याकडे विश्वास नव्हता. दोन वर्षं आपण पाण्याच्या टँकरवर बोलत राहिलो आणि एका मंगळवारी सकाळी तुमच्याऐवजी मावशींचा फोन आला.

मी पोचलो तोवर तुम्हाला चर्चमध्ये आणून ठेवलं होतं. दफन झाल्यावर मावशींनी मला तुमच्या खोलीत बसवून चहा दिला. त्या म्हणाल्या, तुझे संदेश आम्हाला फार आवडायचे रे. मला कळेना. मग त्यांनी सांगितलं की चार वर्षं, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, पाळकसाहेब वेदीवर उभे राहून म्हणायचे, माझ्या मुलाने बंगळूरच्या चर्चमध्ये हे ऐकलं, आणि मग माझा एखादा संदेश सांगायचे. गच्चीवर रचलेली माझी वाक्यं आपल्या पत्र्याच्या चर्चमध्ये बायका पदराने डोळे पुसत ऐकत होत्या. मी विचारलं, ते बंगळूरला येऊन गेल्यानंतरही? मावशींनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "बंगळूरहून आल्यावर सहा महिने तुझं नाव घेतलं नाही त्यांनी वेदीवरून. मग एका रविवारी उभे राहिले आणि म्हणाले, मी तुम्हाला सांगत आलो की ते त्या पाळकांचं होतं. ते खरं नव्हतं. ते माझ्या मुलाचं स्वतःचं होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो, मला क्षमा करा."

का, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. लोकांना वाटलं, बापाने नम्रतेपोटी मुलाचं कौतुक लपवलं असेल. मग तुम्ही तो छपराचा संदेश पुन्हा सांगितलात, आणि मी जिथे थांबलो होतो त्याच्या पुढे एक वाक्य घातलंत. मावशींना ते पाठ होतं. "त्या माणसाने तक्रार केल्याचं शास्त्रात कुठे लिहिलेलं नाही."

पप्पा, मी तक्रार केली नव्हती हे खरं, पण ज्याचं छप्पर फोडलं तो माणूस मी आहे हे तुम्हाला केव्हा कळलं? फोनवरच, की त्या इडलीच्या टेबलापाशी? मला तो संदेश रचतानाही कळलं नव्हतं. तुम्ही हयात असताना मावशींनी मला एवढं कळवलं असतं तर मी पहिली गाडी पकडून आलो असतो, असं मी स्वतःला सांगतो. बहुधा आलो नसतो. रविवारची वाट पाहिली असती आणि पाण्याबद्दल बोललो असतो.

हे पत्र कुठे टाकणार. मुलीला अजून उत्तर दिलेलं नाही. चर्चला मी जात नाही, आणि देव नाही असंही मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. कबरीपाशी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हटली. पाळकांचा मुलगा म्हणून मला सगळ्यांच्या पुढे, मातीच्या अगदी काठावर उभं केलं होतं. मधली एक ओळ मला आठवली नाही. सगळे पुढे गेले आणि मी नुसते ओठ हलवत राहिलो. ती ओळ कोणती, हे मी अजूनही शास्त्र उघडून पाहिलेलं नाही.