वाघाच्या उंचीवर

१२ फेब्रुवारी
आज मी वाघ झाले — चार पायांवर! प्राण्यांच्या गणनेसाठी माझ्या बीटात, म्हणजे माझ्याकडच्या जंगलाच्या तुकड्यात, कॅमेरे बांधले. वाघाच्या उंचीवर फोटो नीट येतो का, हे बघायला कुणीतरी कॅमेऱ्यासमोरून रांगत जावं लागतं. सोबतचे वनमजूर रुपराव म्हणाले, "मॅडम, माहे गुडघे गेले. तुमीच चाला." चालले. युनिफॉर्म मातीत, कोपरात काटा, आणि पहिला फोटो माझा. नागपूरच्या जरीपटक्याची दीक्षा पेंचकडच्या जंगलात वनरक्षक आहे, हे मला अजून रोज नव्यानं कळतं.

१३ फेब्रुवारी
आईचा फोन. रांगल्याचं कौतुकानं सांगितलं. चुकलंच. "सरकारी नोकरी लागली अन् रांगून काहून राहिली वं? लहानपनी तं रांगली नाही तू, एकदम उभीच राहिली." मग नेहमीचं — नागपुरात ऑफिसात बदली माग, जंगलात जीव जाईल. मीही तोंडाळ. म्हटलं, या खेपेला माझ्या बीटात वाघ दिसला नाही तर मागते बदली. बोलून बसले.

२७ फेब्रुवारी
कॅमेऱ्यांमधली कार्डं तपासली. नीलगाय, साळिंदर, अस्वल, गावच्या म्हशी. आणि चौसिंगा — हरणासारखा, पण चार शिंगांचा! या बीटात त्याची नोंदच नव्हती. चहा निवला तरी मी त्याच्याकडेच बघत बसले. शेजारच्या बीटावरचा विक्की म्हणाला, "माह्याकडे वाघीन आली. तुह्याकडे म्हशीच हायेत ना वं?" हसू दे. चौसिंगा त्याच्याकडे नाही.

पण आईशी बोलले होते ते वाघाचं.

९ मार्च
कॅमेरे उतरवले. वाघ नाही.

बदलीचा अर्ज लिहिला. शब्द म्हणजे शब्द. रुपरावांना सांगितलं तर ते नुसता कॅमेऱ्याचा पट्टा गुंडाळत राहिले. वाईट वाटतंय, खूप. तरी चौसिंग्यासाठी बीटातला पाणवठा आता राखायचं ठरलंय, आणि त्या नोंदीखाली माझं नाव आहे. ते काही बदलीबरोबर जात नाही.

१० मार्च, जरीपटका
अर्ज आईपुढे ठेवला. ती माझ्या मोबाईलवर कॅमेऱ्यांतले फोटो बघत होती. माझ्या रांगत्या फोटोवर थांबली, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "वाघ नाही दिसला म्हन्ते ना? मंग हे कोन हाये?"

उद्या जंगलात न्यायला तिनं जवसाची चटणी बांधून दिली. त्याच अर्जात.