मामाचा कोट

प्रिय आई,

कॅनबेऱ्यातून, आपल्या रीतीप्रमाणे, तुझ्या गालाला नाक लावते. माझ्या थंडीची काळजी आता सोड. जेवतेही वेळेवर. तुझा गुडघा कसा आहे? इसोदादाने छपराचे पत्रे बसवले का?

काल डेस्मंडमामाचा विद्यापीठात सत्कार झाला. परदेशातून येऊन, आपल्या बेटावर राहून आपले रीतिरिवाज पहिल्यांदा लिहिणारा तोच ना! केस पिकलेले त्याचे विद्यार्थी देशोदेशीहून आले होते. "लोकांत राहा आणि आधी त्यांचं ऐका, हे यांनीच शिकवलं," असं जो तो सांगत होता.

मामाने सांगितलं, की तू त्याला कसाव्याचे उकडलेले कंद खायला घालून भाऊ मानलंस. भाचरांनी मामाची हवी ती वस्तू न विचारता न्यावी, ही आपली रीतही त्याने रंगवून सांगितली.

मग मी उठले, व्यासपीठावर गेले, त्याच्या खुर्चीवरचा लोकरी कोट उचलला आणि सरळ अंगात घातला.

रखवालदार धावत आला.

"हात लावू नका तिला!" मामा ओरडला. "बहिणीची पोर आहे माझी!" मग आपल्या बोलीत मला म्हणाला, "काय गं भवाने, इतके दिवस कुठे होतीस? जन्मभर ही रीत शिकवतोय, पण मला लुटायला कुणी आलंच नाही!" हसता हसता त्याचे डोळे भरले.

बाहेर तो कुडकुडत होता. मी कोट काढायला लागले, तर खवळलाच.

"खबरदार! परत दिलास तर मी पुन्हा परका होईन."

कोटात गुरफटून बसलेली,
तुझी सेरेआना