सासू कुंडलला, माहेर लोणंदला

लोणंद, ८ मार्च

सौ. लक्ष्मीबाई यांस, राहीबाईचा स. न. वि. वि.

कालच फोन झाला, तरी लिहायला बसले. फोनवर पोरं ऐकत असतात, तुमचे सुभेदार आप्पासाहेब मधेच टीव्हीवरच्या बातम्या सांगतात, आणि आपण दोघी विहिणी नुसतं हां हां करत राहतो. सोयरीक जुळल्यापासून आपलं खरं बोलणं पत्रातच झालं, म्हणून हे पत्र.

क्रांतीचं मंगळवारचं विमान रद्द झालं. विश्वजीत म्हणाला, लढाई पेटलेल्या आकाशातून प्रवासी विमानं न्यायला सरकारनं मनाई केलीय, आणि त्यांच्या तिकडचा विमानतळही बंद आहे. मी म्हटलं, आभाळ काय कुणाच्या बापाचं आहे होय, कुलूप लावायला? तो हसला. म्हणाला, आई, वरून क्षेपणास्त्रं जातात, त्यात बायकोला बसवून पाठवू काय?

त्याचं खरं आहे. बंदी नसती तर मीच घातली असती. पण सूनबाईला आठवा लागलाय. आणखी थोडे दिवस गेले की विमानवाले तिला घ्यायचेच नाहीत, आणि मग पहिलं बाळंतपण परक्या मुलखात, ना आई जवळ ना सासू. मला दुसरं काही सुचत नाही. तुमची लेक आहे, तुमचं काय होत असेल?

घाबरू नका, असं लिहिणार होते. पण मीच घाबरले आहे, तेव्हा दोघी मिळून घाबरू.

माया आहेच, ती आटू देऊ नये.
आपली विहीण, राहीबाई


कुंडल, १२ मार्च

श्रीमती राहीबाई विहीणबाईंना, लक्ष्मीबाईचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. वाचून रडले आणि मग दाळ दळायला घेतली. हात चालू असले की डोकं ताळ्यावर राहतं.

आमचे सुभेदार पेन्शनीत निघाले तरी लढाई सोडत नाहीत. भिंतीवर नकाशा लावलाय. बंदीची मुदत वाढली की पेन्सिलीनं खूण करतात आणि मला समजावतात, की हा हुकूम एकदम महिन्याचा नसतो, थोडा थोडा वाढवत नेतात. मी म्हटलं, आवं, पोटातलं लेकरू तुमच्या हुकमाची वाट बघत थांबणार हाय का? त्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

खोली तयार आहे. खाट उन्हात घालून आणली, डिंक आणला, अळीव निवडून ठेवले, सूनबाई पूजानं जुन्या लुगड्यांची दुपटी शिवलीत. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही आमच्या घरची रीत, आणि ती मी मोडू द्यायची नाही. मला दोन वर्षांत तुमच्या घरचं पाणीसुद्धा पिता आलेलं नाही. नातवंड झाल्याशिवाय लेकीच्या घरी घोट घ्यायचा नाही, असं माझ्या आईनं घालून दिलंय. तुम्ही हसता, हसा. पण लोणंदचा चहा कसा असतो ते मला अजून ठाऊक नाही.

जावईबापूंना सांगा, लेक सुखरूप पाठवा आणि मागोमाग स्वतःही या. दोघंही आम्हाला सारखीच.

घरच्यासारखा जीव आहे, तो तसाच असू द्यावा.
आपली, लक्ष्मीबाई


लोणंद, २१ मार्च

सौ. लक्ष्मीबाईंना, राहीबाईचा आनंदाचा नमस्कार.

फोनवर तुम्ही ऐकलंच, लेक आली! विश्वजीतनं तिला गाडीनं सरहद्दीपलीकडच्या विमानतळावर नेलं. तिथून एकच विमान सुटणार होतं, त्यात गरोदर बायका, म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या आधी. नवऱ्यांना जागा नव्हती. विमान लढाईचं आकाश टाळत समुद्रावरून मोठा वळसा घालून आलं. कुंडलला जायच्या वाटेवर पोरगी आधी इथं दारात उतरली आणि पहिलं वाक्य बोलली, की आई, त्यांनी हात वर करून टाटा केला तो मला विमानवाल्यांनी नीट बघूसुद्धा दिला नाही, लगेच रांगेत ढकललं.

आता अवघड गोष्ट. तिचे पाय सुजलेत, रक्तदाब चढलाय. इथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळंत होईपर्यंत गाडीत बसवायचं नाही. कुंडल तर लांबच, जिनासुद्धा चढायचा नाही. म्हणजे तुमची रीत बुडाली, आणि तुम्ही इथं आलात तर पाण्यावाचून राहणार. तुमचा हट्ट मला माहीत आहे.

मी दोन दिवस विचार केला. घरात सासू आहे म्हणून हे सासर. सासूच नसली तर? तेव्हा मी घर सोडते. घर तुमच्या ताब्यात, चूल तुमची, लेक तुमची, करा बाळंतपण. मी जावेकडं जाऊन बसणार नाही, ती दिवसभर मालिका बघते. मी कुंडलला येते. पूजा दिवसभर अंगणवाडीत असते, तुमच्या म्हशीला आणि सुभेदारांना कोणीतरी लागेलच. येताना भाकरी बांधून आणू नका, पीठ डब्यात आहे.

एवढं ऐकलंत तर उपकार मानीन, नाही ऐकलंत तर भांडेन.
आपली, राहीबाई


लोणंद (तुमच्याच ओट्यावरून), ३० मार्च

श्रीमती राहीबाईंना, लक्ष्मीबाईचा साष्टांग. थट्टेत नाही, खरोखरचा.

विहीणबाई, स्वतःचं घर सोडून जाणारी सासू मी तरी पहिल्यांदा बघितली. गल्लीतल्या बायका विचारून गेल्या, काय बिनसलं म्हणून. मी सांगितलं, बिनसलं न्हाई, माहेर आलंय हितं.

तरी कबूल करते, कुंडलहून मी पाण्याचे दोन कॅन आणले होते. दारावर पाटी जावईबापूंचीच, म्हणून मन धजेना. कॅन संपले तेव्हा शेजारच्या खरातबाईंच्या घरचं पाणी आणू लागले. क्रांती पोट धरून हसली. डॉक्टरीणबाई म्हणतात, हसू द्या, त्यानं रक्तदाब उतरतो. उतरलाय खरा.

तुमची मिसळणाची डबी सापडली, पण हिंग कुठं लपवलाय? आणि एक विचारते, राग मानू नका. फोनवर तुम्ही लेकीचं विचारता, बाळाचं विचारता, म्हशीचं सांगता. विश्वजीतचं नाव काढत नाही. क्रांतीच्याही ध्यानात आलंय. तो रोज तिला फोनवर दिसतो, बरा आहे, दाढी वाढलीय.

तुमचं मन मोकळं करायला आमचा कान आहे, तो परका मानू नये.
आपली, लक्ष्मीबाई


कुंडल, ७ एप्रिल

सौ. लक्ष्मीबाईंना, राहीबाईचा नमस्कार वि. वि.

हिंग देवघराच्या फळीवर, उदबत्तीमागं आहे. उंदीर लागतात म्हणून.

आधी म्हशीचं. जन्मभर पिशवीतलं दूध घेतलेली बाई मी. पहिल्या दिवशी तिनं लाथ मारून चरवी उपडी केली. पूजानं युक्ती सांगितली, आत्याबाईंचं लुगडं नेसून बसा. तुमचं निळं लुगडं नेसले आणि गड्या, तिनं मुकाट्यानं पान्हा सोडला! सुभेदार ओसरीवरून म्हणाले, शत्रूच्या गणवेशात घुसलात. लुगड्याला शेण लागलंय, धुऊन देईन.

आता तुम्ही विचारलंत त्याचं. नाव काढत नाही कारण काढलं की रडू येतं, आणि ते क्रांतीला ऐकू जाऊ नये. माझा एकच मुलगा आहे, लक्ष्मीबाई. त्याचे वडील गेल्यावर त्याच्याकडं बघून दिवस काढले. मागच्या बुधवारी त्याला विमानात बसवलं, आणि बंदी पुन्हा वाढली म्हणून परत उतरवलं. मी इकडं पुरणाला डाळ टाकली होती. ती डाळ मी तशीच आमटीला वापरली आणि कोणाला बोलले नाही. सुभेदार नकाशावर खूण करतात तेव्हा मी गोठ्यात जाते. मला भीती वाटते, दुसरं काही नाही.

पण इथं मी सुखात आहे, हेही तितकंच खरं. पूजा संध्याकाळी माझ्या पायाला तेल लावते. सुभेदार सकाळी दूध काढून झालं की सलाम ठोकतात. इतकी माणसं एका घरात मला कितीतरी वर्षांनी मिळाली.

रडका मजकूर पोटात घालावा, बाकीचा क्रांतीला वाचून दाखवावा.
आपली, राहीबाई


लोणंद, २४ एप्रिल

राहीताईंना, लक्ष्मीचा आशीर्वाद मागून नमस्कार.

विहीणबाई लिहायला आज हात वळत नाही, म्हणून ताई.

नात झाल्याचं फोनवर ऐकलंतच. काल दवाखान्यातून घरी आलो. क्रांती ठणठणीत आहे. बाळ गव्हाळ, नाक तुमच्यावर गेलंय, आवाज सुभेदारांवर. मी दारात पाऊल टाकल्या टाकल्या तुमच्या माठातलं पाणी प्यायले, मग चहा केला. चांगला आहे हो लोणंदचा चहा. फोनवर तुम्ही म्हणालात, बारशालाच येईन, सासरची माणसं म्हणून वाजतगाजत. ते आता होणार नाही.

आज सकाळी मी बाळाला शेकत होते आणि दार वाजलं. बघते तर जावईबापू. आकाश थोडं मोकळं झालं तशी त्यांना जागा मिळाली. मागच्या खेपेला तुमचं काय झालं ते क्रांतीनं त्यांना सांगितलं होतं. माझ्या हातून तिच्यापुढं पत्राचा रडका भागही वाचला गेला, माफ करा. म्हणून या वेळी उतरेपर्यंत त्यांनी कोणालाच कळवलं नाही.

ताई, त्यांच्याच दारात मी त्यांना सासू म्हणून सामोरी गेले. पायावर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला. सासुरवाडीला आल्यासारखे अवघडून ते आपल्याच घरात उभे. लेकीला हातात घेतलं, क्रांतीजवळ बसले. मी आत गेले. मग ताट वाढलं, तर एक घास घेतला आणि विचारलं, आई कुठं झोपते तिकडं? पंखा आहे का? आणि तिथंच पानावर बसून ढसाढसा रडले.

मी म्हटलं, ऊठ रं बाबा, आधी कुंडलला जा, आईला घेऊन ये. अहोजाहो राहिलं ते राहिलंच. बाळ आता आपलंच आहे, पळून जात नाही.

तेव्हा हे पत्र टपालात टाकलेलं नाही, त्याच्याच हाती दिलंय. मी त्याला वरपासून खालपर्यंत बघून घेतलाय, कुठं खरचटलेलंसुद्धा नाही. तरी तुम्ही एकदा हात फिरवून बघा.

तुमची,
लक्ष्मी