विहिरीची वाटणी आणि ओट्यावरचा वर्ग

ता. १६ जानेवारी १९३६, गुरुवार

संक्रांत उलटली तरी गारठा हटत नाही. मुलींचा वर्ग ओट्यावरून अंगणात, उन्हात आणला. सिंधूने चौथीच्या पुस्तकातील धडा न अडखळता वाचला व अर्थही सांगितला. माझा चुलत पुतण्या सुपडू याची ती मुलगी, वय बारा. बाकीच्या अजून बाराखडी आणि पाढे यांतच. वर्गात अहिराणी "शे" म्हणावयाचे नाही, "आहे" म्हणावयाचे, हा नियम. सिंधू माझ्यासमोर पाळते, अंगणाबाहेर पाऊल पडताच विसरते. चालेल.

शाळाखात्याचे डेप्युटी साहेब उन्हाळ्यात वर्ग तपासावयास येणार. चौथीत निदान एक मुलगी असली तर वर्गास मान्यता व लोकल बोर्डाची शिक्षिका. नसली तर "वृद्धाची हौस" एवढाच शेरा. ती एक मुलगी म्हणजे सिंधू. शिक्षिका मिळाली नाही तर माझ्यामागे हा वर्ग टिकणे नाही. आणि माझी छाती हल्ली जिन्याच्या मध्यावरच...

सायंकाळी मुलाशी, चि. यशवंताशी, वाद. विहिरीवर तेलाचे इंजिन बसविणार म्हणतो. अंगावर खादी, डोक्यावर खादी, विहिरीवर विलायती यंत्र! तसे म्हणालो. "आबा, जन्मभर मोट ओढावी असे बैलांनी काय पाप केले आहे?" प्रश्नास प्रश्न हे उत्तर नव्हे.

ता. २७ जानेवारी, सोमवार

इंजिन आले. आग्रा रोडने धुळ्याहून लॉरी, सोनगीरच्या पुढे आमचा फाटा, तेथून दोन गाड्या जुंपून विहिरीपर्यंत. गावातील कामे दिवसभर बंद.

सोबत इंग्रजी पुस्तिका. तिला एजंटाने जोडलेला मराठी कागद इतका अशुद्ध की हाती धरवेना. शेवटी मीच बसून पुस्तिका मराठीत उतरविली. इंजिनास माझा विरोध कायम आहे. परंतु विरोध आहे म्हणून अशुद्ध मराठी घरात राहू देणे मजकडून होणार नाही. गड्यांनी माझे "झडप", "गतिचक्र" हे शब्द आदराने ऐकून घेतले आणि यंत्राचे नाव ठेवले काळी म्हैस. माझ्या भाषांतराबरहुकूम म्हैस पहिल्याच हिसक्यास सुरू झाली. य. ने गूळ वाटला. मलाही दिला. खाल्ला.

ता. ११ फेब्रुवारी, मंगळवार

विहीर सामाईक आहे. वडील आणि चुलते वेगळे झाले तेव्हा ठरले: आठ दिवस पाणी आमचे, आठ दिवस त्यांचे. मोट होती तोवर बैल थकत. बैल थकले की झऱ्यांना सवड मिळे. म्हैस थकत नाही. आमची पाळी संपते तेव्हा तळचा खडक दिसतो, आणि सुपडूची मोट पहिल्या दिवशी चिखल घेऊन वर येते.

आज सु. अंगणात येऊन उभा राहिला. बसला नाही. त्याचे शब्द आहेत तसे लिहितो, शुद्ध करीत नाही. "आबा, बारी मन्ही, नि बठ्ठं पानी तुम्हना इंजिननी पी टाकं. हाऊ कोन्ता न्याय?"

त्याची पाळी आणि सगळे पाणी आपल्या इंजिनाने प्यालेले, हे खरे का, असे य. ला विचारले. तो म्हणाला, "आमच्या आठ दिवसांबाहेर एक तासही चालविले असेल तर दाखवा."

दाखविता येत नाही. वाटणी दिवसांची झाली होती, पाण्याची नव्हती. त्या वेळी दोन्ही एकच होते.

ता. १९ फेब्रुवारी, बुधवार

य. लोकल बोर्डाच्या निवडणुकीस उभा. घरात माणसांची ये-जा, चहा, सूनबाई चुलीपुढून हलत नाही.

जेवताना शिक्षणावरून जुंपली. त्याचे मत: सरकारी मान्यता म्हणजे सरकारी पट्टा, राष्ट्रीय शाळा काढू. मी: "राष्ट्रीय शाळेस शिक्षिका कोण देणार? चरखा?" पाहुणे हसले. तो हसला नाही, पण मग म्हणाला, "निवडून येऊ द्या. बोर्डात बसलो की पहिली शिक्षिका आपल्या ओट्यास. शब्द देतो." शब्द देतो तेव्हा पाळतो, हे खरे आहे.

म्हणजे निम्म्या मुली सुपडूच्या बाजूच्या आणि शिक्षिका यशवंताच्या हाती. दोहोंच्या मध्ये ही विहीर.

ता. २७ फेब्रुवारी, गुरुवार

मारुतीच्या पारावर पंच बसले. सु. ने स्पष्ट सांगितले, दुसऱ्या कोणाचे ऐकणार नाही, आबा सांगतील ते मान्य. सगळ्यांचे डोळे मजकडे. समोर य., त्याच्यामागे त्याचे खादीवाले.

मी म्हणालो, "वाटणी पूर्वजांनी दिवसांवर केली असल्याने व त्या मर्यादेचा यशवंताने अतिक्रम केला नसल्याने त्याजकडे दोष जात नाही, तथापि विहिरीच्या एकंदर स्थितीचा विचार करता उभयतांनी सामोपचाराने मार्ग काढणे इष्ट होय."

निर्दोष वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद जागच्या जागी.

सु. उठून उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, तुम्हनं बोलनं चांगलं शे. पन पानी कोठे शे?"

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

ता. २ मार्च, सोमवार

सिंधू आली नाही.

ता. ३ मार्च

आज सुपडूच्या भाऊबंदांतील एकही मुलगी आली नाही. ओट्यावर फक्त आमच्या आळीतल्या, बाराखडीच्या. चौथी रिकामी. तरी मी चौथीचा धडा मोठ्याने वाचला. का वाचला, ते सांगता येत नाही.

सु. च्या दारी गेलो. मिरचीचे रोप उभ्याउभ्या वाळलेले. दोन वाफे तेवढे हिरवे. तो त्याच वाफ्यांना घागरीने पाणी घालीत होता. मान वर न करता बोलला, "मी पोरले शाळामा धाडस, नि तुम्हना पोऱ्या मन्हं वावर सुकाडस. आबा, तुम्हीच सांगा, मी काय करू?"

सिंधू घागर घेऊन बांधावरून येत होती. मला पाहून थांबली, घागर खाली ठेवली नाही.

ता. ९ मार्च, सोमवार

धुळवड. घराबाहेर पडलो नाही. सूनबाईने पुरणपोळी आणून ठेवली. तशीच आहे.

य. शी पुन्हा बोललो: सुपडूच्या पाळीआधीचे दोन दिवस इंजिन बंद ठेव. तो म्हणाला, "ऊस लावला आहे. दोन दिवस बंद म्हणजे खालचा तुकडा गेला. आणि आज नमते घेतले तर गावात म्हणतील, चूक होती म्हणून नमला. मतदान तोंडावर आहे, आबा. ते होऊ द्या, मग पाहू."

मग पाहू. या दोन शब्दांवर हे घर, हे गाव, बहुधा हा देशही चालला आहे.

ता. १३ मार्च, शुक्रवार

आज मी बोललो.

पारावर य. ची सभा. तो चांगले बोलतो, क्रियापदे मात्र गिळतो. शेतकऱ्याचा हक्क, न्याय, स्वराज्य. सु. कडेला उभा होता. न्याय हा शब्द आला तेव्हा त्याने य. कडे नव्हे, मजकडे पाहिले.

मी उठलो. काठी सापडेना म्हणून खांबास धरून म्हणालो, "विहिरीतले अर्धे पाणी सुपडूचे आहे. दिवस अर्धे असून भागत नाही. त्याच्या पाळीआधी दोन दिवस इंजिन बंद राहिले पाहिजे. हा माझा निवाडा."

य. ने सभा आटोपती घेतली.  घराच्या दारात म्हणाला, "परवा मतदान आहे. गेल्या पंधरा दिवसांत तुम्हाला तोंड नव्हते?"



ता. १८ मार्च, बुधवार

य. पडला. थोडक्याने नव्हे.

त्याने इंजिन निवाड्याच्या दिवशीच थांबविले आहे, मजशी बोलणेही. जेवावयास माझ्यानंतर बसतो. सूनबाई दोघांकडे पाळीपाळीने पाहते आणि वाढते. आज वाढता वाढता म्हणाली, "आबा, तुम्ही बरोबरच केले. पण जरा आधी केले असते तर दोघांचेही भले झाले असते." जेवणात मीठ कमी होते, बोललो नाही.

बोर्डाची शिक्षिका आता कोण मागणार? तरीही तपासणी आहे, चौथी आहे. सिंधू आली तर अजून सर्व आहे.

ता. २४ मार्च, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, काठी कलली, य. ने मागून धरली व निघून गेला.

विहिरीस पाणी आले आहे. सु. ची मोट भरभरून चालू. वाटले, आता सिंधू येईल. ओट्यावर दुपारपर्यंत बसलो. सणाच्या दिवशी वर्ग नसतो हे ठाऊक असून बसलो.

ता. ३० मार्च, सोमवार

शेवटी स्वतः गेलो. सु. ने या वेळी बसावयास घोंगडी टाकली, पाणी दिले. बोलण्यात राग नव्हता. राग असता तर...

"आबा, तुम्ही निवाडा दिधा, मी इसरनार नही. पन वावर सुकी ऱ्हायनं व्हतं तवय सोयरा दारमा उना. पिंपळनेरकडला. पोर मांगी. मी सबद दिधा."

केव्हा? होळीच्या आधी. म्हणजे पारावरच्या माझ्या पहिल्या वाक्यानंतर आणि दुसऱ्याच्या आधी.

"अरे, ती बारा वर्षांची आहे."

"मन्ही माय नऊनी व्हती."

"कायदा आहे, सुपडू. चौदाच्या आत लग्न गुन्हा आहे."

तो हसला. वाईट हसला नाही; लहान मुलाच्या बोलण्याला हसावे तसे. "कायदा धुळाना कोर्टमा ऱ्हास, आबा. आठे सबद ऱ्हास."

लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, लगेच. डेप्युटी साहेबही आखाजीनंतरच येणार, असा निरोप आजच आला.

ता. ८ एप्रिल, बुधवार

झोप नाही. कायदा वाचून काढला. धुळ्याच्या कोर्टात कोणीही तक्रार गुदरू शकतो. लग्न लागल्यावर शिक्षा करता येते, लागण्यापूर्वी मात्र धाकापलीकडे फारसे काही नाही. पण धाक पुरेल. कोर्टाचे नाव निघाले तर पिंपळनेरचे सोयरे माघार घेतील, असा माझा तर्क.

य. ने आज मौन सोडले. आनंद व्हावयास हवा होता. म्हणाला, "घरातून कळले. परक्यांच्या कोर्टात आपल्या भावास ओढणार?"

मी: "कायदा आपल्याच लोकांनी मागून घेतला आहे."

"मागितला असेल. शिपाई कोणाचा येणार? सुपडूभाऊच्या दारात गोऱ्याचा पट्टेवाला उभा राहील, आणि तुमच्या नावाने. माझे इंजिन परवडले, आबा. ते थांबविले की पाणी तरी परत आले."

सूनबाई चुलीपाशी पाठमोरी होती. तशीच म्हणाली, "तक्रार केली तर या गावातली एकही पोर आपल्या ओट्यावर चढणार नाही. नाही केली तर ही एक जाईल." मग भाकरी उलटली.

आयुष्यभर मुलांना शिकविले, विचार वाक्यात बसला की उलगडतो. हा बसला आहे आणि उलगडत नाही.

ता. १६ एप्रिल, गुरुवार

कोर्टाचा अर्ज लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला, अधिक चांगला. छातीत कळ. य. ने वैद्यास आणले, वैद्याने बोलण्यास मनाई केली. कोणाशी बोलणार होतो?

सु. पाहावयास आला. स्वतःच्या वाफ्यातल्या हिरव्या मिरच्या घेऊन आला. अर्ज उशीखाली होता. त्याने माझी उशी नीट केली.

ता. २४ एप्रिल, शुक्रवार

आखाजी. सासुरवाशिणी माहेरी आल्या आहेत; चिंचेला झोके, सकाळपासून गौराईची गाणी. बाहेर खाट टाकून घेतली.

दुपारी सिंधू आली. नवे लुगडे नेसविलेले, पायात घोळत होते. झोक्यावरून उतरून सरळ ओट्यावर चढली आणि आपल्या जागी, खांबाजवळ, बसली.  तीच बोलली.

"आबा, तठे शाळा शे का?"

दुरुस्त केले नाही. म्हणालो, "पिंपळनेरकडे असेल." माझ्या वर्गात असे उत्तर मी कोणाचे चालवून घेतले नसते. तिनेही घेतले नाही. "असेल म्हणजे कितवीपर्यंत?"

"पाहून सांगतो."

तेवढ्यात झोक्यावरून तिला हाका. ती उठली नाही. फळीवरची पाटी काढून पदराने पुसली आणि पुढे धरली. "मन्हा व्याजना हिसाब ऱ्हायना." चौथीचे ते प्रकरण अर्धे राहिले आहे, खरेच. मी एक उदाहरण घातले, सोपे नव्हे, परीक्षेस येते तसे. तिने मान घालून पाटीकडे पाहिले, ओठ हलविले, मग विचारले, "उद्या तपासशात ना?"

उद्या सकाळीच, म्हणालो. पाटी घेऊन ती झोक्याकडे गेली.

सायंकाळी य. ला विचारले, धुळ्यास जाणारी मोटार फाट्यावर केव्हा येते. "उद्या? सकाळीच," म्हणाला, आणि पुढे काही विचारले नाही. पण सूनबाईने माझा कोट झटकून खुंटीवर लावला आहे. मी तिला सांगितले नव्हते.

कोट तेथे आहे. अर्ज उशीखाली. पाटी सुपडूच्या घरी, आणि ती उद्या सकाळीच तपासावयाची आहे.