लोकरीचं इंग्रजी

३ ऑगस्ट, रविवार

काल मीटिंगमध्ये नको ते बोलून बसलो. मेंढपाळांची आमची छोटी कंपनी, लिंबागणेशच्या आसपासच्या घरांची. मी संचालक, तेही पोस्टातून रिटायर झालेला रिकामा माणूस म्हणून. २१ ला अंबाजोगाईत खरेदीदार येणार आहेत. बंगळुरूची एक मॅडम आहे, लोकरीच्या चटया करणारी. तिच्यापुढे दहा मिनिटं इंग्रजीत प्रेझेंटेशन द्यायचं, आणि बोलणारा संचालकच पाहिजे. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसले. मी म्हणालो, मी देतो.

तीस वर्षं इंग्रजी वाचलं, इंग्रजीत फॉर्म भरले. बोललो एकदाही नाही.

बाहेर आल्यावर भिवानं गाठलं. धाकट्या भावाचा मुलगा. आमच्या घरात मेंढरं आता त्याच्याचकडे. "नाना, जूनला कातरलेली लोकर गोठ्यात पडून हाय. मागल्या साली उकिरड्यात टाकलती. ह्या बाईनं घेतली तर मेंढरं ठेवतो. न्हाई घेतली तर गणपती उठल्यावर व्यापारी बोलावतो."

"सगळी?"

"अर्धी ठिवून काय करू? अर्ध्याच्या मागं बी तेवढंच चालावं लागतंय."

५ ऑगस्ट, मंगळवार

रोहिणी आली. भिवाची लेक, अंबाजोगाईला कॉलेजात असते. लॅपटॉपवर सात स्लाईड केल्यात. पहिलीवर मेंढरांचा फोटो, सातवीवर आमची मागणी: दर कातरणीची लोकर घ्या. सातवी महत्त्वाची, म्हणते. बाकीच्या सहा तिथवर पोचायची वाट.

नियम: स्लाईडकडे बघायचं नाही, माणसांकडे बघायचं. एका दमात बोलायचं नाही. हात खिशात नाहीत.

"मग हात कुठं ठेवू?"

"आजोबा, तुमचेच हात हायती. ठेवा कुठंबी."

दुपारभर वडलांच्या घोंगडीवर बसून कागद वाचला. ऊन लागलं की तिला अजून मेंढरांचा वास येतो. लहानपणी डोंगरात मेंढरांच्या वाड्यावर असताना हिच्यावरच पालथा पडून पाचवीच्या कविता पाठ केल्या. मेंढरं रवंथ करत ऐकायची. तेवढे शांत श्रोते पुन्हा मिळाले नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार

पाठ झालं. कसं झालं ते रो. ला सांगितलं नव्हतं. 'वी आर शेफर्ड्स फ्रॉम द हिल्स ऑफ बीड' ही ओळ मनाशी घोळवताना आपोआप पाचवीतल्या पाखरांच्या कवितेच्या चालीत बसली. मग पुढचं सगळंच बसवलं. दर चार ओळींना थांबा, शेवटचा शब्द जरा लांबवायचा. गुरुजींनी शिकवलं तसं.

रो. ने ऐकलं. पहिल्यांदा तोंडावर ओढणी धरली, मग हसू आवरेना. "आजोबा, हे प्रेझेंटेशन हाय का प्रार्थना?"

ही आतून म्हणाली, "म्हनू दे की. पाठ झालंय न्हवं?"

मला हसू आलं नाही. चाल काढली की शब्द सांडतात. करून पाहिलं. तिसऱ्या ओळीपुढे काही नाही, नुसतं पांढरं.

१३ ऑगस्ट, बुधवार

आजचं लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

वाड्याच्या कुंपणापाशी तालीम. समोर भिवा, ही, आणि मेंढरं. तिसऱ्या स्लाईडला रो. नं मुद्दाम मधेच विचारलं, इंग्रजीत, की लोकर काळीच का. उत्तर मला ठाऊक होतं. जन्मापासून ठाऊक आहे. पण ओळ तुटली. मी पुन्हा 'रिस्पेक्टेड सर अँड मॅडम' पासून सुरू केलं. तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा पहिल्यापासून. चार वेळा.

गुरुजींचा वर्गातला कायदाच तो. अडखळला की पहिल्यापासून. साठ वर्षं झाली. त्या पोरांतला मीच एक असा असेन की ज्याच्यात तो कायदा अजून चालू आहे.

रो. चौथ्यांदा हसली नाही. ते जास्त लागलं.

भिवा काठी टेकून उठला. "कावून छळती गं म्हाताऱ्याला?" पण माझ्याकडे न बघता म्हणाला.

१७ ऑगस्ट, रविवार

जेवण जात नाही. रो. ला म्हणालो, तू बोल, मी शेजारी उभा राहतो. तिनं आयोजकांना फोन करून विचारलं. चालत नाही, संचालकच पाहिजे.

हिला म्हणालो, तोंडातून शब्द फुटला नाही तर?

"मला बघाया आलतात तवा बी फुटला न्हवता. झालंच की लगीन."

बरं वाटलं, अर्धा तास.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

काल झालं. क्रमानं लिहितो, नाहीतर नंतर मी ते गोड करून ठेवीन. ती माझी खोड आहे.

हॉलमध्ये तीसेक माणसं. मी तिसरा. स्लाईड बदलायचं बटण रो. नं हातात दिलं. सुरुवात चांगली झाली. चाल थोडी आलीच, पण लोक ऐकत होते. मॅडम पुढच्या रांगेत, पांढऱ्या केसांची, माझ्याहून थोडीच लहान. तिसऱ्या स्लाईडला तिनं हात वर केला. वर्षातून कातरता किती वेळा?

दोनदा. एवढंच सांगायचं होतं, टू टाइम्स. मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, "रिस्पेक्टेड सर अँड मॅडम."

मागं कुणीतरी हसलं. मी सगळं पुन्हा म्हणत तिसरीपर्यंत आलो. तिला वाटलं असेल आपला आवाज पोचला नाही, तिनं पुन्हा विचारलं. मी पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या स्लाईडला घंटा वाजली. सातवी निघालीच नाही. मागणी केलीच नाही आम्ही.

चहाच्या वेळी कोपऱ्यात उभा होतो. मॅडम शोधत आली. घोंगडीचा तुकडा नेला होता नमुना म्हणून, तो हातात घेऊन तिनं विचारलं, पाण्यात धरते का? कपबशी हातात होती, कागद नव्हता. म्हणालो, "माय फादर, रेन, ऑल नाइट, दिस ओन्ली. इनसाइड ड्राय." ती हसली नाही. मग विचारलं, कातरायच्या आधी मेंढरं धुता का, कशी? ओढ्यातलं धुणं हातवारे करून सांगितलं. हात कुठं ठेवायचे हा प्रश्नच आला नाही. बशीतला चहा तेवढा सदऱ्यावर.

तुकडा तिनं पर्समध्ये ठेवला. कळवते म्हणाली. सगळे तेच म्हणतात.

येताना गाडीत रो. खिडकीबाहेर बघत होती. घरी भिवानं पाणी आणून दिलं.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

मॅडमचा निरोप रो. च्या फोनवर. गुरुवारी ४ तारखेला, सकाळी अकराला, व्हिडिओवर. स्लाईड नकोत, भाषण नको. फक्त प्रश्न विचारणार, आणि ते चहावाल्या आजोबांनाच.

आनंद व्हायला हवा. पाठ काय करू? प्रश्नांना चाल नसते.

भिवाला सांगितलं. म्हणाला, "व्यापाऱ्याला गणपती उठल्यावर ये म्हणलंय. ते न्हाई बदलत मी."

१ सप्टेंबर, सोमवार

रो. फोनवरून कधीही प्रश्न टाकते. दाढी करताना, विहिरीवर असताना. नियम एकच, 'रिस्पेक्टेड' म्हणायचं नाही. आज अकरा प्रश्न. नऊ जमले. एकदा 'रिस्पे' पर्यंत गेलो आणि गिळलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

साडेदहा. फोन खिडकीत तांब्याला टेकवून ठेवलाय. रो. पहाटेच्या गाडीनं आली. घोंगडी अंथरून तिच्यावर बसलोय, मॅडमला दिसणार नाही, तरी.

भिवा आज मेंढरं घेऊन गेला नाही. धुतलेला सदरा घालून दारात बसलाय. मेंढरं कुंपणात कावलीत, ओरडताहेत.

रो. म्हणाली, शेवटची उजळणी. "आजोबा, हाऊ मेनी शीप डू यू हॅव?"

सोपा प्रश्न. एकसष्ट. सिक्स्टी वन. पण शनिवारी गणपती उठतील. त्यानंतरचा आकडा मला कुठं माहीत आहे? भिवाला विचारलं, काय सांगू.

तो उठून कुंपणापाशी गेला.

"आजचा सांगा, नाना," म्हणाला. "आज तर हायत."